सेवियात कुठे, केव्हा आणि काय खावे

दक्षिण स्पेनमधील आंदालुसिया प्रदेशाची राजधानी सेविया, म्हणजे इंग्रजी नकाशांतील सेव्हिल, पाहायला निघालेल्या प्रवाशाने कथीड्रल आणि आल्कासार राजवाडा यांची तिकिटे आधीच काढून ठेवलेली असतात. जेवणाचे मात्र तेथे गेल्यावर पाहू, असे ठरलेले असते. मग दुपारी साडेबारालाच भूक लागते, कथीड्रलच्या आसपास पदार्थांची छायाचित्रे लावलेल्या पहिल्याच टेबलावर तो बसतो, पिवळ्याधमक भाताची पाएया मागवतो आणि स्पेनमधले जेवण महाग व बेताचेच असते असे मत करून घेतो. पाएया मुळात वालेन्सियाची आणि तीही दुपारी, चारचौघांत मिळून खाण्याची. सेवियात संध्याकाळी एकट्यापुरती पाएया देणाऱ्याने ती बहुतेक वेळा शीतकपाटातून काढून गरम केलेली असते.

सेवियाचे खरे खाणे बारमध्ये आहे. हे बार म्हणजे काचेला काळा कागद लावलेले आपल्याकडचे परमिट रूम नव्हेत. तेथे सकाळी आजीबाई कॉफी पितात, दुपारी कचेरीतली माणसे जेवतात आणि रात्री दहा वाजता लहान मुले टेबलांखालून पळत असतात. येथील रीत अशी की एका ठिकाणी उभ्याने एखाद-दोन पदार्थ खायचे, पेला संपवायचा आणि पुढच्या बारकडे चालू लागायचे. प्रत्येक जुन्या बारचा हात एखाद्या पदार्थावर बसलेला असतो, आणि तेवढाच पदार्थ तेथे मागवावा, हे या शहरात जेवण्याचे मर्म आहे. एकाच ठिकाणी बसून सहा तापास, म्हणजे बशीभर पदार्थ, मागवणाऱ्याला एक उत्तम व पाच साधारण पदार्थ मिळतात.

वेळ

पत्त्यापेक्षा घड्याळ महत्त्वाचे. न्याहारी सकाळी आठ ते अकरा. दुपारचे स्वयंपाकघर दीडच्या सुमारास खऱ्या अर्थाने सुरू होते आणि चारला थंडावते. त्यानंतर रात्री आठ-साडेआठपर्यंत बहुतेक जुन्या ठिकाणी एकतर कुलूप असते, नाहीतर फक्त पेये व थंड पदार्थ मिळतात. रात्रीचे जेवण नऊनंतर, आणि उन्हाळ्यात दहानंतरच, कारण जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी पारा 40 अंशांच्या वर सहज जातो आणि गाव सूर्य मावळल्यावरच बाहेर पडते. भारतातून गेलेल्या माणसाला ही वेळ फारशी परकी वाटू नये. अडचण होते ती साडेसातला जेवणाऱ्यांची. त्यांनी एकच युक्ती करावी: दार उघडताच, म्हणजे दुपारी एकला किंवा रात्री आठला, गाजलेल्या ठिकाणी पोहोचावे. तासाभरानंतर तेथे कोपर टेकायलाही जागा उरत नाही.

न्याहारी साधी असते आणि तिचा कंटाळा येत नाही. भाजलेला पाव, त्यावर किसलेला टोमॅटो, ऑलिव्हचे तेल आणि मीठ, सोबत दुधाची कॉफी. मोयेते नावाचा मऊ, पांढरा, चपटा पाव मिळाला तर तोच घ्यावा. पावावर लावायला तांबूस रंगाचे लोण्यासारखे काही दिसले तर सावध व्हावे; ती मान्तेका कोलोरा, म्हणजे पाप्रिका घातलेली डुकराची चरबी असते. चुर्रोस हवे असतील तर काये लिनेरोस, म्हणजे लिनेरोस रस्त्यावरील एल कोमेर्सियो या 1904 पासूनच्या बारमध्ये जावे. तेथे ते समोर तळून देतात, आणि मैदा, पाणी व मीठ एवढाच ऐवज असल्याने शाकाहारी माणसालाही ते चालतात.

मागण्याची रीत

पदार्थ तीन मापांत मिळतो: तापा म्हणजे बशीभर, मेदिया रासिओन म्हणजे दोघातिघांना चाखण्याइतका आणि रासिओन म्हणजे मोठी थाळी. मोन्तादितो हा चौथा प्रकार, लहानसा भरलेला पाव. ग्रनाडात पेयासोबत तापा फुकट येतो हे ऐकून पुष्कळ जण सेवियातही तीच अपेक्षा धरतात. येथे फार तर वाटीभर ऑलिव्ह पुढे येतात, तापाचे पैसे वेगळे द्यावे लागतात. साधारण तीन ते पाच युरोंत एक तापा मिळतो, त्यामुळे तीन बार फिरून नीट जेवण होते. टेबलावर बसल्यास पाव आणि पिकोस नावाच्या कुरकुरीत काड्या न मागता येतात व त्यांची किरकोळ रक्कम बिलात लागते. ही फसवणूक नव्हे, रीत आहे. काही ठिकाणी तापाचे माप फक्त काउंटरवर मिळते आणि बाहेरच्या टेबलांवर मेदिया रासिओनपासून सुरुवात होते, तेव्हा बसण्यापूर्वी विचारून घ्यावे. आठवड्याच्या कामाच्या दिवशी दुपारी अनेक साध्या खाणावळी मेनू देल दिआ देतात. पहिला पदार्थ, दुसरा पदार्थ, गोड किंवा कॉफी, पाव आणि बहुधा एक पेय मिळून साधारण 12 ते 16 युरो होतात. कुटुंब बरोबर असेल, पाय दुखत असतील, तर याच्यासारखी सोय नाही.

पाणी विकत घेण्याची गरज नाही. 2022 च्या कायद्यानुसार स्पेनमधील उपाहारगृहांनी नळाचे पाणी विनामूल्य देणे बंधनकारक आहे. 'आग्वा देल ग्रिफो' म्हणावे. मद्य घेणाऱ्यांनी सांग्रिया पर्यटकांसाठी सोडून द्यावी. स्थानिक माणूस उन्हाळ्यात तिंतो दे वेरानो, म्हणजे लाल वाइन व लिंबाचा सोडा पितो, आणि एरवी छोट्या पेल्यातली थंड बिअर किंवा जवळच्या हेरेसची फिनो ही कोरडी शेरी वाइन. तळलेल्या मासळीबरोबर सानलुकारची मानसानिया, म्हणजे तशीच कोरडी वाइन, घ्यावी. तिच्यातला किंचित खारेपणा तेलकटपणा कापतो. टीप देणे ऐच्छिक आहे. सुटे नाणे ठेवले तरी पुरते.

कथीड्रलच्या सावलीत

ही भागाभागांची यादी मुद्दाम सर्वांत गर्दीच्या जागेपासून सुरू करीत आहे, कारण तेथेही नीट खाता येते. कथीड्रलसमोरून निघणाऱ्या माटेओस गागो रस्त्यावर सेर्वेसेरिया हिराल्दा हा बार आहे. 2020 मध्ये दुरुस्तीसाठी छताचा गिलावा काढला तेव्हा आत बाराव्या शतकातील, अल्मोहाद या मुसलमान घराण्याच्या काळाचे हमाम, म्हणजे स्नानगृह, जवळजवळ अखंड सापडले. घुमटातील ताऱ्याच्या आकाराची झरोके आणि भिंतींवरची लाल नक्षी आज जेवणाऱ्यांच्या डोक्यावर दिसते. येथील पदार्थ बरे आहेत, पण येथे जायचे ते मान वर करून पाहण्यासाठी. एक पेय आणि एक तापा पुरे.

तेथून दोन मिनिटांवर, रोद्रिगो कारो गल्लीच्या तोंडाशी, बोदेगा सान्ता क्रूस आहे. खांबांमुळे लोक त्याला लास कोलुम्नास म्हणतात. येथे मोन्तादितो दे प्रिंगा मागवावा. प्रिंगा म्हणजे हरभऱ्याच्या रश्शात तासन् तास शिजलेले डुकराचे मांस, चरबी, चोरिसो आणि रक्ताचे सॉसेज एकत्र कुस्करून पावात भरून भाजलेले. त्यात कधी कधी गाईबैलाचे मांसही असते, त्यामुळे न खाणाऱ्यांनी विचारावे. आत उभे राहण्यासाठी अंग चोरावे लागते, आवाज भरपूर, वेटर घाईत. तरीही ही जागा चुकवू नये. याच सान्ता क्रूस वस्तीत, जी मध्ययुगात यहुद्यांची होती, लास तेरेसास नावाचे जुने ठिकाण आहे. छताला हामोनच्या, म्हणजे खारवून वाळवलेल्या डुकराच्या मांड्यांच्या रांगा टांगलेल्या असतात आणि प्रत्येकीच्या टोकाला ठिबकणारी चरबी झेलण्यासाठी इवलीशी उलटी छत्री खोचलेली असते. हामोन खाणाऱ्यांनी लेबलचा रंग लक्षात ठेवावा: काळे लेबल शंभर टक्के इबेरियन वंशाच्या आणि ओकची फळे खाऊन वाढलेल्या डुकराचे. ते महाग असते. मेदिया रासिओन तिघांत वाटून घेतल्यास खिशाला सोसते आणि तोंडाला खारटही होत नाही.

कथीड्रलच्या दुसऱ्या अंगाला आरेनाल भाग लागतो, आणि माझ्या मते जुन्या सेवियाची चव घेण्यास तो सान्ता क्रूसपेक्षा सरस आहे. गार्सिया दे विनुएसा रस्त्यावरचे कासा मोरालेस 1850 पासून चालू आहे. मागच्या दालनात पुरुषभर उंचीचे मातीचे रांजण भिंतीशी उभे आहेत, ज्यांत पूर्वी वाइन साठवीत. जवळच्या गामासो गल्लीत कासा मोरेनो हे वरकरणी किराणा दुकान आहे. डबाबंद मासळी आणि चीजच्या फळ्या ओलांडून मागे गेले की अरुंद काउंटर लागतो व तेथे त्याच दुकानातल्या मालाचे मोन्तादितो करून देतात. हिमिओस गल्लीतील ला फ्लोर दे तोरान्सो येथे खारवलेल्या आन्चोवी माशावर गोड आटीव दुधाची धार घालून पाव देतात. वाचताना हे विचित्र वाटेल. खाऊन पाहावे आणि मग मत द्यावे.

मध्यवस्ती: रिनकोन्सियो आणि तळलेले मासे

काये हेरोना आणि काये आल्होन्दिगा यांच्या कोपऱ्यावर, सान्ता कातालिना चर्चजवळ, एल रिनकोन्सियो आहे. 1670 हे त्याचे स्थापनेचे साल; महाराष्ट्राच्या हिशेबात सांगायचे तर शिवरायांच्या राज्याभिषेकाआधीची चार वर्षे. नाव गाजलेले असूनही ही जागा पर्यटकी झालेली नाही याचे कारण काउंटर. वरच्या मजल्यावर बसून जेवता येते, परंतु खालीच उभे राहावे. तुम्ही एक पदार्थ मागितला की वेटर खडूने काउंटरच्या गडद लाकडावर तुमच्या कोपराजवळ आकडा लिहितो. दुसरा मागितला की त्याखाली दुसरा. निघताना तो रेघ मारून बेरीज करतो, पैसे घेतो आणि ओल्या फडक्याने सगळे पुसून टाकतो. तेवढ्यात तुमच्या जागी दुसरा माणूस उभा राहिलेला असतो.

येथे मागवायचे दोन पदार्थ ठरलेले आहेत. पाविया दे बाकालाओ म्हणजे कॉड माशाची जाड पट्टी पिठात बुडवून तळलेली. दुसरा एस्पिनाकास कोन गार्बान्सोस: पालक आणि काबुली चणे, लसूण व पावाचे तुकडे ऑलिव्ह तेलात तळून वाटलेले, वर जिरे आणि पाप्रिका. या पदार्थाचे मूळ मुसलमानी व यहुदी काळातल्या स्वयंपाकात शोधले जाते, आणि जिऱ्याचा वास आला की त्यात तथ्य असावे असे वाटते. पाप्रिका मात्र त्या काळची नव्हे. मिरची, टोमॅटो, बटाटा हे सगळे अमेरिकेतून आले, आणि 1503 मध्ये कासा दे कोन्त्रातासिओन, म्हणजे अमेरिकेशी होणाऱ्या व्यापाराचे सरकारी कार्यालय, स्थापन झाल्यापासून तो व्यापार दोन शतके याच नदीबंदराच्या मक्त्यात होता. बशीतल्या पालकात दोन्ही काळ एकत्र शिजलेले असतात.

तळलेल्या मासळीत सेविया कोणाला हार जाणार नाही. खरेदीच्या गर्दीच्या भागात, होसे दे वेलिया गल्लीत, ब्लान्को सेर्रिओ आहे. व्हिनेगर, लसूण व मसाल्यात मुरवलेल्या छोट्या बोकेरोन माशांचा वास गल्लीच्या टोकापासूनच येतो, आणि पत्ता शोधण्याची गरज उरत नाही. इतरत्र तोच मसाला कासोन, म्हणजे मुशी जातीच्या लहान माशाला लावतात, ज्यात जिरे आणि ओरेगानो असते. फ्रेइदुरिया म्हणजे मासळी तळून देणारे दुकान. तेथे मासे वजनावर घेऊन कागदाच्या शंकूत भरून मिळतात. कादिसकडची तोर्तियिता दे कामारोनेस फळ्यावर दिसली तर सोडू नये. गव्हाच्या व हरभऱ्याच्या पिठात कांदा, पार्सली आणि जवळ्याएवढी कोळंबी घालून केलेली ही पातळ, जाळीदार भजी कोकणातल्या माणसाला पहिल्या घासात ओळखू येते.

डुकराचे मांस खाणाऱ्यांसाठी या शहराचे स्वतःचे दोन पदार्थ आहेत. सोलोमियो आल विस्की म्हणजे व्हिस्की, लिंबू आणि अख्ख्या लसणाच्या रसात केलेले कोवळे मांस. उरलेला रस पावाने टिपून खाणे येथे असभ्य मानत नाहीत. सेर्रानितो हा भरपेट पाव: मांसाचा तुकडा, हामोन, टोमॅटो आणि तळलेली हिरवी मिरची. आधुनिक हाताचे काही हवे असेल तर सान लोरेन्सो भागातील एस्लावा येथे जावे. मशरूमच्या केकवर मंद आचेवर शिजवलेल्या अंड्याचा बलक हा तेथला तापा नावाजलेला आहे. टेबलासाठी आधी सांगून ठेवावे लागते. बाजूच्या बारमध्ये उघडण्याच्या वेळी पोहोचले तर उभ्याने जागा मिळते.

नदीपलीकडे त्रियाना

1852 च्या इसाबेल दुसरी पुलावरून ग्वादाल्किविर ओलांडली की पलीकडे लगेच उजव्या हाताला त्रियानाचा बाजार आहे. तो सान होर्हे किल्ल्याच्या जागेवर उभा आहे, जेथे इन्क्विझिशनचे, म्हणजे पाखंड्यांची चौकशी करणाऱ्या धर्मन्यायालयाचे, मुख्यालय होते. अवशेष बाजाराखाली पाहता येतात. बाजारात सकाळी उशिरा जावे: मासळीचे गाळे, ऑलिव्हचे पिंप, आणि मधेमधे लहान बार, ज्यांच्यात दुपारी तीनपर्यंत चांगली वर्दळ असते. गोर्दाल जातीचे टपोरे ऑलिव्ह येथे वजनावर घेऊन खोलीवर न्यावेत. आन्तियानो काम्पोस गल्लीतील लास गोलोन्द्रिनास हे लोकांच्या आवडीचे ठिकाण असून तेथे भाजलेली मशरूम आणि मांसाचे लहान तुकडे मागवतात. 1880 पासूनचे कासा क्वेस्ता अधिक निवांत आहे. नदीकाठच्या काये बेतिसवरील टेबलांवरून देखावा सुरेख दिसतो आणि बिलात त्या देखाव्याचेही पैसे असतात, म्हणून तेथे पेय घ्यावे आणि जेवायला आतल्या गल्ल्यांत वळावे.

बाजारांत रस असणाऱ्यांनी उत्तरेकडील काये फेरियाही पाहावा. ओम्नियुम सान्क्तोरुम चर्चला चिकटून असलेली मंडई शहरातील सर्वांत जुन्यांपैकी आहे, आणि गुरुवारी सकाळी त्या रस्त्यावर जुन्या वस्तूंचा बाजार भरतो.

गोड: भिंतीआडच्या जोगिणी

सेवियाची खास मिठाई अनेकदा दुकानात नव्हे तर ख्रिस्ती जोगिणींच्या (नन्सच्या) मठात मिळते. सान लेआन्द्रो मठातील येमास, म्हणजे अंड्याचा बलक व साखर यांचे मऊ गोळे, प्रसिद्ध आहेत. वाइन निवळण्यासाठी अंड्यांचा पांढरा भाग वापरला जाई आणि उरलेले बलक मठांना मिळत, असे याचे कारण सांगतात. सान्ता इनेस मठाचे तिळाचे बोयितोस आणि सान्ता पाउलाचे कडू संत्र्याचे मुरंबेही घेण्यासारखे आहेत. खरेदी बहुधा तोर्नोवर होते: भिंतीत बसवलेले फिरते लाकडी पिंप. घंटा वाजवावी, आतून 'आवे मारिया पुरिसिमा' असा आवाज आला की हव्या त्या डब्याचे नाव सांगावे, पैसे पिंपात ठेवावेत. ते फिरते आणि डबा बाहेर येतो. आतल्या व्यक्तीचा चेहरा दिसत नाही. सुटे पैसे जवळ ठेवावेत आणि दुपारच्या प्रार्थनेच्या वेळी जाऊ नये. हे जमणार नसेल तर सिएर्पेस रस्त्याच्या तोंडाशी 1885 पासूनचे ला काम्पाना मिठाईघर आहे. ईस्टरपूर्वीच्या पवित्र आठवड्याच्या दिवसांत तेथे मधात किंवा पाकात मुरलेले तोर्रिहास, म्हणजे पावाचे तळलेले काप, मिळतात. रस्त्यावरच्या झाडांची संत्री मात्र तोडून खाऊ नयेत. ती कमालीची कडू असतात.

शाकाहारी माणसाने

'वेखेतारिआनो' हा शब्द सर्वांना कळतो, पण कोशिंबिरीवर ट्यूना मासा घातला म्हणजे ती मांसाहारी झाली असे स्वयंपाक्याला वाटतेच असे नाही. म्हणून नकार सुटासुटा सांगावा: 'सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो, सिन आतून', म्हणजे मांस, हामोन, मासा, ट्यूना काही नको. पालक-चणे, उन्हाळ्यात पेल्यातून मिळणारे गास्पाचो हे टोमॅटोचे थंड सार आणि बदाम-लसणाचे पांढरे आहोब्लान्को निर्धोक असतात. साल्मोरेहो या घट्ट टोमॅटो सारावर हामोनचा चुरा व अंडे भुरभुरतात, तेवढे वगळायला सांगावे. पापास आलिन्यास, म्हणजे व्हिनेगर-तेलातले थंड बटाटे, यांवर बहुधा ट्यूना असतो. तोर्तिया म्हणजे बटाट्याचे जाड ऑम्लेट. कादिसच्या डोंगरातले पायोयो बकरीचे चीज मागावे. वांग्याचे तळलेले काप काकवीसारख्या उसाच्या पाकाबरोबर येतात, पण तळण मासळीच्याच तेलात होते का, हे कडक शाकाहारींनी विचारावे. नाताळातली मान्तेकादोस ही बिस्किटे डुकराच्या चरबीची असतात. गोमांस टाळणाऱ्यांनी तेर्नेरा, वाका, बुएय आणि तोरो हे चार शब्द फळ्यावर ओळखायला शिकावे. शेपटीच्या रश्शाचे नाव कोला दे तोरो.

राहता राहिले वार. रविवारी रात्री अनेक घरगुती बार बंद असतात आणि सोमवारी ताजी मासळी मिळणे अवघड, म्हणून तळलेल्या माशांचा बेत मंगळवारपासून शनिवारपर्यंत ठेवावा. ऑगस्टमध्ये कित्येक जुनी ठिकाणे दोन-तीन आठवडे कुलूप लावून समुद्राकडे जातात. त्या महिन्यात निघण्यापूर्वी फोन करून विचारावे. एप्रिलच्या फेरियात, म्हणजे शहराच्या वार्षिक जत्रेत, नदीपलीकडच्या मैदानावरचे बहुसंख्य मंडप खाजगी असतात आणि ओळखीशिवाय आत प्रवेश नसतो. त्या आठवड्यात जुन्या शहरातले काउंटर मात्र एरवीपेक्षा मोकळे सापडतात.